रस्त्याच्या मोजणीत ओढाही मोजा

डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी-रामलिंग अभयारण्यात लावलेल्या कॅमेऱ्यात वाघ दिसला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून निघून, साडेचारशे-पाचशे किलोमीटर अंतर कापून तो बालाघाटाच्या या टोकाला पोचला होता. पुढचे कित्येक महिने धाराशिव आणि बार्शीकडच्या गावांत त्याचीच चर्चा होती. जनावरं मारली गेली, त्याला पकडायला पथकं आली, शेतकरी रात्री पाणी द्यायला जायला घाबरू लागले. सगळं बोलणं त्याला पकडायचं कसं याभोवती फिरत राहिलं. तो इथवर आला कसा, यावर फारसं कोणी बोललं नाही. माझ्या मते तोच प्रश्न मोठा आहे.

कारण हा पहिला नव्हता. २०१९ मध्ये टिपेश्वरचाच एक तरुण नर, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला, नांदेड-हिंगोलीची शिवारं आणि तेलंगणाचा काही भाग तुडवत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. कॉलर असल्यामुळे त्याचा माग नोंदला गेला. सगळं मिळून तो तीन हजार किलोमीटरहून जास्त चालला. मार्च २०२१ मध्ये आणखी एक वाघ कन्नडच्या गौताळ्यात कॅमेऱ्यात आला. या तिघांच्या वाटेत सलग जंगल असं कुठेच नव्हतं. होते ते ओढे, नदीकाठ, माळ, गायरानं, तुरी-कपाशीची रानं, उसाचे फड. त्यांच्या मधून जाणारे राज्यमार्ग, राष्ट्रीय महामार्ग आणि रेल्वेमार्गही होतेच.

वाघ पोचला याचा अर्थ वाट शाबूत आहे असा अनेकांनी काढला. हा अर्थ घाईचा आहे. वयात आलेला, नवी जागा शोधायला निघालेला नर वाघ हा सगळ्यात धाडसी वाटसरू. तो रात्री चालतो, एकटा चालतो आणि अडलं तर दहा-वीस किलोमीटरांचा वळसा घेतो. काळविटांच्या कळपाला ते जमत नाही. पिलं तोंडात धरून जागा बदलणाऱ्या लांडगिणीला जमत नाही. खोकडाला, साळिंदराला, घोरपडीला, कासवाला तर नाहीच. मराठवाड्यातली वाट तुटते आहे की नाही, हे ज्यांची बातमी होत नाही अशा या जनावरांवरून ठरवायला हवं.

आपल्याकडे जंगल किती, हे सगळ्यांना ठाऊक आहे. लातूर जिल्ह्यात वनाच्छादन एक टक्काही नाही. आठ जिल्ह्यांत मिळून अभयारण्यं बोटांवर मोजण्याइतकी. गौताळा औट्रमघाट २६१ चौरस किलोमीटरांच्या आसपास, पाटोद्याजवळचं नायगाव मयूर अभयारण्य जेमतेम ३०, येडशी-रामलिंग तर २२. लांडग्यांच्या एका टोळीला फिरायला शंभर-दोनशे चौरस किलोमीटरांचा मुलूख लागतो. म्हणजे येडशीचं अख्खं अभयारण्य एका टोळीलाही पुरणार नाही. तरीही बीड, धाराशिव, लातूरच्या माळांवर लांडगा आहे, तरस आहे, आष्टी-पाटोदा-शिरूरकडे काळविटांचे कळप आहेत. ही जनावरं अभयारण्यात राहत नाहीत. ती राहतात बरडावर, गायरानात, ओढ्याकाठच्या बाभळी-बोरींत, तलावाच्या गाळपेरात आणि शेताच्या बांधांवर. मराठवाड्यातलं वन्यजीवन मोकळ्या रानात, माणसांच्या शेजारी जगतं. रस्ता आणि रेल्वे नेमकी हीच जमीन कापत जातात, कारण मोकळी जमीन स्वस्त असते, सपाट असते आणि तिच्यासाठी परवानगी सहज मिळते.

परवानगीचं हे प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे. रस्ता अभयारण्यातून जाणार असेल तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळापर्यंत प्रस्ताव जातो. वनजमीन लागणार असेल तर वन विभागाची मंजुरी लागते. पण माळाची नोंद महसुली कागदावर गायरान किंवा पडीक अशी असते. तिथे हरीण चरतं की नाही, लांडग्याची बीळं आहेत की नाही, हे विचारणारा रकानाच कुठल्या अर्जात नाही. पर्यावरण मंजुरीची २००६ ची अधिसूचना आहे, पण २०१३ मध्ये तिच्यात बदल झाला. शंभर किलोमीटरांपर्यंतच्या राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणाला, आणि त्याहून लांब असला तरी जुन्या आखणीवर ४० मीटर व वळणरस्त्यांवर ६० मीटरपर्यंतच जास्तीची जागा घेणाऱ्या कामाला, या मंजुरीची गरज उरली नाही. आपल्याकडे रुंद झालेल्या बहुतेक रस्त्यांचं काम याच मापात बसतं. रेल्वेमार्ग तर त्या अधिसूचनेच्या यादीतच नाहीत. शेकडो किलोमीटरांचा नवा लोहमार्ग टाका, एकाचे दोन करा, वर विजेच्या तारा ओढा. वाटेत वनजमीन किंवा अभयारण्य नसेल तर जनावरांच्या जाण्यायेण्याचा विचार करा असं सांगणारं कोणी नाही.

काळवीट, चिंकारा, लांडगा हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे शिकाऱ्याने एक काळवीट मारलं तर तुरुंग; आणि त्या काळविटाच्या कळपाची चरायची जागा आणि पाण्याची जागा यांच्यामध्ये कायमची भिंत घातली तर साधा प्रश्नही नाही. प्राण्याला सर्वोच्च संरक्षण आणि त्याच्या पायाखालच्या जमिनीला काहीच नाही, ही या कायद्यातली सगळ्यात मोठी फट आहे. जिथे जंगल भरपूर आहे तिथे ती झाकली जाते. मराठवाड्यात ती उघडी पडते.

रस्त्यामुळे काय होतं, याबद्दल आपल्या मनात चित्र असतं ते गाडीखाली आलेल्या जनावराचं. ते खरंच आहे. पावसाळ्यात डांबराच्या कडेला कोवळं गवत येतं, हरणं त्याला येतात. थंडीत साप डांबराच्या उबेला येतात, रातवा पक्षी संध्याकाळी रस्त्यावरच बसतो. पहिल्या पावसात बेडूक डबकी शोधत निघतात. एक मेलं की ते खायला कोल्हा येतो, तरस येतं आणि दुसऱ्या गाडीखाली तेही जातं. साखर कारखान्यांच्या हंगामात रात्रभर उसाचे ट्रॅक्टर-ट्रक वाहत असतात आणि नेमका तोच काळ जनावरांच्या फिरण्याचा.

पण मेलेलं जनावर हे नुकसानीचं दिसणारं टोक आहे. गाडी कधीमधी येते असा रस्ता जनावरं ओलांडतात, त्यातली काही मरतात. रहदारी वाढली की जास्त मरतात. आणखी वाढली, गाड्यांच्या रांगेत खंडच पडेना झाला, की जनावरं प्रयत्न करणं सोडून देतात. मग मरणाऱ्यांचा आकडा घटतो. हा टप्पा सगळ्यात फसवा असतो. रस्त्यावर आता पूर्वीसारखी हरणं मरत नाहीत, म्हणजे रस्ता सुरक्षित झाला, असं अधिकारी म्हणू शकतात आणि तसं लिहूनही देऊ शकतात. वास्तविक रस्त्याच्या दोन बाजूंचे दोन वेगळे कळप झालेले असतात. अलीकडच्यांना पलीकडचं पाणी नाही, पलीकडच्यांना अलीकडचे नर नाहीत. चाळीस-पन्नास जनावरांचा कळप पिढ्यान् पिढ्या आपसातच वाढतो. मग एका दुष्काळात किंवा एका साथीत तो संपला की त्या जागी नवा कळप येण्याची वाटच उरत नाही. मध्य भारतातल्या वाघ, बिबट्या, अस्वल, रानमांजर यांच्या जनुकांच्या अभ्यासातून रस्ते, वस्ती आणि शेती यांनी त्यांची ये-जा कशी अडते हे समोर आलं आहे, आणि प्रत्येक प्राण्यासाठी अडथळा वेगळा आहे हेही. आपल्या काळविटाला-लांडग्याला आपल्या रस्त्यांचा किती अडथळा होतो, हे मोजण्याचं काम मराठवाड्यातल्या दोन विद्यापीठांनी आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाने अंगावर घ्यावं असं मला मनापासून वाटतं. प्राणिशास्त्राचे विभाग आहेत, विद्यार्थी आहेत आणि रस्ता दारासमोरून जातो.

शहराजवळ हे सगळं आणखी टोकाचं होतं. छत्रपती संभाजीनगरचाच नकाशा बघा. उत्तरेला चौका, सारोळा, जटवाडा, पुढे खुलताबाद-म्हैसमाळची रांग; दक्षिणेला साताऱ्याचा डोंगर. मधे शहर. या दोन डोंगरभागांना जोडणारी मोकळी जमीन शहराच्या पूर्व-पश्चिमेला होती. पश्चिमेला वाळूज झालं, पूर्वेला शेंद्रा. दक्षिणेकडून सोलापूर-धुळे महामार्गाचा बायपास आला, उत्तरेकडून समृद्धी गेला, मधून रेल्वे आधीपासून आहेच. ३ डिसेंबर २०१९ रोजी सिडकोच्या एन-वन भागात बिबट्या शिरला आणि काही तासांनी पकडला गेला. जुलै २०२४ मध्ये उल्कानगरीत आणि मग प्रोझोन मॉलच्या परिसरात बिबट्या दिसला. दोन्ही वेळा शहरात बिबट्या घुसल्याचीच हाकाटी झाली. शहर त्याच्या रानात किती घुसलं, याचा हिशेब बायपासच्या दोन्ही बाजूंना उभं राहून सहज करता येतो.

कारण रस्ता एकटा येत नाही. बायपास काढतात तो गावाबाहेरून, रहदारी टाळण्यासाठी. वर्ष-दोन वर्षांत कडेला ढाबे लागतात, मग मंगल कार्यालयं, गोदामं, शोरूम. त्यामागे प्लॉटिंगच्या पाट्या. डोंगराच्या पायथ्याला खडी क्रशर, आणि भरावासाठी मुरूम काढून अर्ध्या कापलेल्या टेकड्या. ढाब्याच्या आणि कार्यालयाच्या उष्ट्यावर कुत्र्यांचे कळप पोसले जातात. ती कुत्री रात्री माळावर जाऊन हरणाची पाडसं फाडतात आणि डिस्टेंपरसारखे रोग खोकड-लांडग्यांपर्यंत पोचवतात. रात्रभर दिवे जळतात, हॉर्न वाजतात. कागदावर साठ मीटर रुंद असलेली रेघ जनावरांच्या दृष्टीने किलोमीटरभर रुंद होऊन बसते. म्हणून शहराजवळचा रस्ता आखताना फक्त रस्ता आखून भागत नाही. त्याच्या कडेची कोणती जमीन बिगरशेती करायची नाही, हेही त्याच दिवशी ठरायला हवं. विकास आराखड्यात उड्डाणपूल दाखवता येतो, मॉलचं आरक्षण दाखवता येतं, तर दोन डोंगरांना जोडणारी ओढ्याकाठची पट्टीही दाखवता येते. एकदा तिथे प्लॉट विकले गेले की मग खाली कितीही सुंदर भुयारी मार्ग बांधा, तो कोणाच्या तरी कंपाउंडच्या भिंतीवर जाऊन संपतो.

समृद्धी महामार्गाचं उदाहरण न्यायाने मांडायला हवं. ७०१ किलोमीटरांचा हा मार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. त्यातला दीडशेहून जास्त किलोमीटरांचा भाग जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून जातो. १२० मीटर रुंदीची पट्टी, दोन्ही कडांना कुंपण, सपाटीवर ताशी १२० किलोमीटर वेगाची मर्यादा. भारतीय वन्यजीव संस्थेचा सल्ला घेऊन या मार्गावर जनावरांसाठी खास पूल आणि भुयारी मार्ग बांधले गेले. आपल्याकडे इतक्या मोठ्या रस्त्यावर असा विचार आखणीच्या वेळी झाला, याचं श्रेय द्यायलाच हवं. पण तो भर राहिला अभयारण्यांवर आणि वाघांच्या वाटांवर, म्हणजे बहुतेक विदर्भात आणि पलीकडे सह्याद्रीत. मधल्या माळाच्या प्रदेशात, जिथे वाघ नाही पण काळवीट आहे, तिथे नाल्याच्या मोऱ्या आणि शेतरस्त्यांचे बोगदे यांवरच भागवलं गेलं.

वैजापूरच्या उत्तरेला, येवला तालुक्यात, ममदापूरचं काळवीट संवर्धन राखीव आहे. काळविटांना जिल्ह्याची हद्द कळत नाही; पावसाळा संपला की चाऱ्या-पाण्यासाठी ते मोकळ्या रानात पांगतात. या पट्ट्याच्या दक्षिणेला अंकाई-नगरसूल-रोटेगावची रेल्वे आणि तिच्याही दक्षिणेला समृद्धीचं कुंपण. अंकाई ते छत्रपती संभाजीनगर या मार्गाचं दुहेरीकरण हाती घेतलं आहे. पुढे छत्रपती संभाजीनगर ते परभणी या १७७ किलोमीटरांच्या दुहेरीकरणालाही २०२५ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. मीटरगेजच्या काळात दिवसभरात चार-दोन गाड्या, त्याही संथ. दोन गाड्यांमध्ये कळप निवांत रूळ ओलांडून जाई. दुहेरी, विद्युतीकरण झालेल्या मार्गावर गाड्या वाढतील, वेग वाढेल, आवाज कमी होईल. वेग वाढला की अपघात टाळण्यासाठी कडेला भिंत किंवा कुंपण येतं, तेही योग्यच. मग रुळांच्या भिंतीपासून महामार्गाच्या कुंपणापर्यंतचा पट्टा हे बंद आवार होतं.

या मार्गांना माझा विरोध नाही, हे स्वच्छ लिहून ठेवतो. मराठवाड्याच्या अनुशेषाची यादी ज्याने वाचली आहे, त्याला रेल्वेला विरोध करता येणार नाही. ब्रॉडगेजसाठी गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने लढा दिला, तो या प्रदेशाच्या स्वाभिमानाचा लढा होता. बीडला रेल्वे यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. तिची वाट बघण्यात कित्येक पिढ्या गेल्या. नांदेड किंवा लातूरहून रात्री रुग्ण घेऊन मुंबई-पुण्याकडे निघालेल्या माणसाला चांगला रस्ता हवाच आहे. म्हणूनच माझं म्हणणं असं की, ज्या ताकदीने आपण रस्ता आणि रेल्वे मागितली, त्याच ताकदीने त्यांच्या खालून जाणाऱ्या वाटाही मागितल्या पाहिजेत. पश्चिम महाराष्ट्रासारखा चौपदरी रस्ता हवा म्हणणाऱ्यांनी पेंचसारखा पूलही हवा म्हणावं.

पेंचचा उल्लेख नुसता नावापुरता नाही. नागपूर-सिवनी दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रातून जातो. रुंदीकरणाचा वाद वर्षानुवर्षं चालला, न्यायालयात गेला, आणि शेवटी १६ किलोमीटरांच्या पट्ट्यात जनावरांसाठी नऊ मार्ग खालून सोडून रस्ता वर उचलला गेला. त्यातला लहानात लहान ५० मीटरांचा, मोठ्यात मोठा ७५० मीटरांचा. मार्च ते डिसेंबर २०१९ या काळात तिथे लावलेल्या कॅमेऱ्यांनी १८ प्रजातींची ५,४५० छायाचित्रं टिपली. ११ वेगवेगळे वाघ ८९ वेळा त्याखालून गेले, आणि वाघांबरोबर चितळ, रानडुक्कर, रानमांजर, ससाही. वरून ट्रक जात होते, खालून जनावरं. जनावरं पुलाखालून जात नाहीत, पैसा वाया जातो, हा आक्षेप तिथे खोटा ठरला.

आता सगळ्यात अवघड आक्षेपाकडे येतो, कारण तो शेतकऱ्याचा आहे. हरणांनी हरभरा खाल्ला, रानडुकरांनी मका आणि भुईमूग लोळवला, रोह्यांनी (नीलगायींनी) तुरी मोडल्या. नुकसानभरपाईचा अर्ज केला तर पंचनामा होईपर्यंत पुढचं पीक येतं. अशा माणसाला जनावरांसाठी पूल बांधा म्हणून सांगायला गेलं तर तो चिडणारच, आणि त्याचं चिडणं रास्त आहे. पण त्याच्याच बांधावर उभं राहून बघितलं तर दिसतं की, वाटा बंद झाल्याने त्याचा त्रास वाढतो. पूर्वी कळप एका शिवारात दोन दिवस चरून पुढे सरकायचा, नुकसान दहा गावांत वाटलं जायचं. कुंपणाने अडलेला कळप पुढे जाऊ शकत नाही. तो तीच चार शेतं रोज खातो. लांडगा-कोल्हा माळावरून गेला, की डुकरांची आणि हरणांची पिलं खाणारं कोणी उरत नाही. ज्या गावाच्या दोन बाजूंना महामार्ग आणि रेल्वे आले, तिथे हरणांचा त्रास अचानक का वाढला, याचं एक कारण इथे आहे.

आणि वाट शेतकऱ्यालाही हवी आहे. महामार्गाने ज्याचं शेत दोन तुकड्यांत कापलं, त्याला विचारा. अर्धं रान अलीकडे, अर्धं पलीकडे; बैलगाडी न्यायला चार-पाच किलोमीटरांचा फेरा. मावेजा मिळाला तो गेलेल्या जमिनीचा. उरलेल्या दोन तुकड्यांमधल्या रोजच्या फेऱ्याचा मावेजा कोणी देत नाही. सर्व्हिस रोडसाठी, पांदण रस्त्यासाठी, एका बोगद्यासाठी गावागावांत उपोषणं झाली. मेंढपाळांचंही तसंच. बीड-धाराशिवचे धनगर मेंढरं घेऊन ज्या माळांवरून, ओढ्यांच्या काठांनी पिढ्यान् पिढ्या हिंडले, त्याच वाटा लांडग्याच्या आणि काळविटाच्या आहेत. कुंपण आलं तेव्हा तिघेही एकाच ठिकाणी येऊन थांबले. दिवसा बैलगाडी, मेंढरं आणि रात्री जनावरं, अशी एकच रुंद मोरी दोघांच्या कामी येऊ शकते. शेतकऱ्याची मागणी आणि वन्यजीवांची गरज एकमेकांविरुद्ध उभी करणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा.

मोरी कशी असावी, हे सांगायला फार मोठं शास्त्र लागत नाही. गुत्तेदाराला सोपं म्हणून ओढ्यावर सिमेंटच्या नळ्या टाकतात. नळीतून पाणी जातं, ससा फार तर जाईल. हरीण जाणार नाही. उघड्या माळावरचं जनावर अंधाऱ्या, अरुंद बोळात शिरत नाही. त्याला पलीकडचा उजेड दिसावा लागतो. रस्ता जितका रुंद, तितकी खालची मोरी लांब, आणि जितकी लांब तितकी ती उंच आणि रुंद हवी. तळाला काँक्रीटऐवजी मातीच राहू द्यावी. कडेला पाणी लागणार नाही असा कोरडा कट्टा असावा, म्हणजे पावसाळ्यातही साळिंदर-उदमांजर चालत जातील. तोंडाशी झुडपं राहू द्यावीत आणि कुंपण असं वळवावं की चालत आलेला कळप आपोआप मोरीकडे जाईल. नुसतं कुंपण घालून मोरी न देणं म्हणजे कोंडणं, आणि मोरी देऊन कुंपण न घालणं म्हणजे जनावरांना गाडीखाली सोडणं. दोन्ही जोडीनेच हवं. ओढ्यावर पूल तर बांधावाच लागतो. तो एक गाळा जास्त लांब बांधला तर काठाची कोरडी जमीन खालून मोकळी राहते, आणि तो वाढीव खर्च सबंध प्रकल्पाच्या मानाने किरकोळ असतो. रस्ता झाल्यावर तोच गाळा वाढवायचा म्हटलं तर रहदारी वळवून भराव फोडावा लागतो. तेव्हा मात्र परवडत नाही हे उत्तर खरं असतं.

जुन्या रस्त्यांवरही करण्यासारखं आहे. औट्रम घाटातून, गौताळ्याच्या अंगातून जाणारा रस्ता, येडशीजवळ एकमेकांना छेदणारे बार्शी-लातूर आणि सोलापूर-धुळे रस्ते, चौक्याचा घाट: अशा ठिकाणी रात्रीचा वेग खरोखर कमी होईल अशी व्यवस्था लागते. पिवळ्या पाटीवर हरणाचं चित्र काढून ती होत नाही. दुभाजकाच्या सलग काँक्रीट भिंतीत ठरावीक अंतरावर फटी ठेवता येतात, म्हणजे अर्ध्यावर आलेलं जनावर अडकून गोंधळत नाही. औट्रम घाटात बोगद्याची मागणी जुनी आहे. तो होईल तेव्हा वरचा जुना घाटरस्ता रात्री बंद ठेवायचा निर्णयही त्याच कागदावर व्हावा. नाहीतर बोगदाही होईल आणि वरचा रस्ताही पूर्वीसारखाच वाहत राहील.

भरपाईच्या वृक्षलागवडीबद्दल एक गोष्ट इथेच बोलायला हवी. रस्त्यासाठी वड-लिंब तोडले की त्याबदल्यात कुठेतरी रोपं लावतात, आणि ती जागा बहुतेकदा माळच असते. माळावर खड्डे खणून ग्लिरिसिडियाच्या रांगा लावल्या की फोटो हिरवा येतो. काळवीट मात्र लांबवर बघता येईल अशा गवताळ जमिनीवरच राहतं. झाडांच्या रांगांत ते थांबत नाही. म्हणजे एक माळ रस्त्याने घेतला आणि दुसरा रस्त्याच्या भरपाईने. भरपाईच करायची असेल तर रस्त्याच्या पट्ट्यातलं एखादं गायरान अतिक्रमणातून सोडवून गवतासाठी राखा, चराईचे नियम गावाबरोबर बसून ठरवा.

येत्या काही वर्षांत मराठवाड्यावर आणखी रेघा ओढल्या जाणार आहेत. जालना-जळगाव हा १७४ किलोमीटरांचा नवा रेल्वेमार्ग २०२४ मध्ये मंजूर झाला. तो अजिंठ्याचा डोंगर बोगद्यातून ओलांडणार आहे. जालना-नांदेड द्रुतगती मार्ग सुमारे १८० किलोमीटरांचा. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेचं काम चालू आहे. शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीवरून वाद पेटलेला आहे आणि मराठवाड्यातले सहा जिल्हे त्यात येतात. या प्रत्येक मार्गासाठी पूर्ण रेघेचा एकत्रित विचार हवा. आज काय होतं, तर रस्त्याचा अहवाल रस्त्यापुरता, रेल्वेचा रेल्वेपुरता. दोन्ही एकाच माळाच्या दोन कडांनी गेले तर मधल्या पट्ट्याचं काय, हे कोणाच्याच अहवालात येत नाही. निदान विभागीय आयुक्त कार्यालयात एक नकाशा असावा, ज्यावर आठही जिल्ह्यांतले मंजूर मार्ग, ओढे-नद्या, गायरानं आणि वन विभागाला माहीत असलेली जनावरांची ठिकाणं एकत्र दिसतील. हा नकाशा बनवायला नवा कायदा लागत नाही. महसूल, वन, भूमी अभिलेख या तिन्ही खात्यांकडे त्याचे तुकडे आधीच आहेत.

केंद्राने रेल्वे आणि माळ या दोघांनाही मंजुरीच्या चौकटीत आणावं ही मागणी खासदारांनी दिल्लीत करावी. त्याला वेळ लागेल. पण संयुक्त मोजणीचं पथक गावात येतं तेव्हा काय करायचं, हे गावाच्या हातात आहे. त्या दिवशी तलाठी आणि मोजणीदार विहिरी लिहितात, बोअर लिहितात, आंब्याचं झाड लिहितात, पाइपलाइन लिहितात, कारण प्रत्येकाचा मावेजा ठरायचा असतो. त्याच आठवड्यात ग्रामसभा घ्यावी. कोणत्या ओढ्याने हरणं उतरतात, डुकरं कुठून येतात, मेंढरांची जुनी वाट कोणती, पांदण कुठे तुटणार आहे, कोणत्या माळावर लांडग्याची बीळं आहेत, हे गावातल्या मेंढपाळाला आणि रात्री पाणी देणाऱ्याला गट नंबरासकट सांगता येतं. ते लिहून काढावं, प्रत्येक ठिकाणी किती रुंद मोरी हवी तेही लिहावं आणि ठराव करावा. ठरावाची प्रत भूसंपादन अधिकाऱ्याला, प्रकल्प राबवणाऱ्या यंत्रणेला आणि विभागीय वन अधिकाऱ्याला द्यावी, आणि तिन्ही ठिकाणची पोच सरपंचाच्या फाइलीत लावून ठेवावी.